थांबा जरा, गाणं येऊन राह्यलं

बोरी अरबच्या स्टँडवर यवतमाळची एसटी येऊन उभी होती, पण ड्रायव्हर अजून चहा पीत होता. बाबांनी माझी बॅग वरच्या फळीवर ढकलली, खिडकीची काच सरकते का ते बघितलं आणि खाली उतरले. गळ्यात मापाची टेप तशीच होती, दुकानातून उठताना काढायची राहिली असावी. खिडकीखाली उभे राहून ते एवढंच म्हणाले, "पोचली की मिस कॉल दे." पलीकडे रफीकभाईची काळीपिवळी जीप दारव्ह्याच्या सीटा भरत होती. तिच्यात गाणं लागलं, आणि गाण्याच्या आधी एक पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "थांबा जरा, गाणं येऊन राह्यलं! विलास मोबाईल, बोरी अरब, स्टँडच्या मागं!" टपरीवरच्या पोट्ट्यांनी तेच वाक्य एका सुरात म्हटलं आणि माझ्या खिडकीकडे बघून हसले.

ती पोरगी मीच होते.

मी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा खिडकीखाली बाबा नव्हते. जीपच्या मागून त्यांची पाठ जाताना दिसली, तीही अर्धीच. बस सुटायच्या आधीच ते निघून गेले होते. पुण्याला मी बरीच वर्षं काढली, नोकऱ्या बदलल्या, खोल्या बदलल्या, लग्न केलं, गाडी शिकले. पण ती पाठ काही डोळ्यांपुढून हटली नाही. आपली मुलगी परगावी निघाली आहे आणि माणूस बस हलेपर्यंतसुद्धा थांबत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? मी तर एकच अर्थ घेतला. माझी लाज वाटत होती, आणि मी गेल्याने सुटल्यासारखं झालं होतं.

जे बोरीत राहिलात त्यांना या गोष्टीचा पुढचा भाग माहीत नाही, आणि जे चाकणला, सुरतेला, हैदराबादला पांगलात त्यांना मागचा माहीत नाही. म्हणून सगळंच सांगते.

आमचं दुकान मुळात शिलाईचं. आई मी लहान असतानाच गेली, घरात बाबा, विलासदादा आणि मी. कापसाची पहिली वेचणी व्हायची, शेतात नव्या पिकाची, सीतादहीची पूजा व्हायची, आणि लगेच बाबांकडे मापं द्यायला रांग लागायची. दिवाळीपर्यंत त्यांना जेवायला फुरसत नसे. पण मी सांगते आहे त्या वर्षांत कापसाने सगळ्या मुलखालाच बसवलं होतं. एका साली पाऊस दगा द्यायचा, दुसऱ्या साली अळी पडायची, आणि दोन्हीतून वाचलं की भाव पडायचा. लोक नवं कापड घेऊन येईनासे झाले. बापाची पँट पोराला बारीक करून द्या, मोठीचा ड्रेस धाकटीला आखूड करा, एवढंच काम उरलं. बाबा म्हणायचे, "शिवणारा होतो, आता उसवणारा झालो."

मग विलासदादाने निम्मं दुकान मागून घेतलं. एका बाजूला बाबांचं मशीन, दुसऱ्या बाजूला दादाचा जुना कॉम्प्युटर. मोबाईलची मेमरी कार्डं तेव्हा नवी नवी आली होती. आमच्याकडे त्यांना चिप म्हणायचे. लोक चिप घेऊन यायचे आणि दादा त्यात गाणी भरून द्यायचा. जयंतीच्या आधी आमच्या समाजाची गाणी, होळीच्या आधी तांड्यावरच्या बंजारा लोकांना त्यांची लेंगी गाणी, लग्नसराईत डीजेचा धांगडधिंगा, आणि वणीकडच्या ट्रकवाल्यांना बारमाही दर्दभरी. ज्याच्याजवळ कापडाला पैसे नव्हते त्याच्याजवळही चिप भरायला असायचे. तेव्हा मला याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही.

दादाने नागपूर-अमरावतीच्या चकरा मारून मारून गाणी जमवली होती. त्याचा जीव होता त्यात. आणि स्टँडसमोरच्या दुसऱ्या दुकानदाराने काय करावं? दादाच्या गिऱ्हाइकाची भरलेली चिप घ्यायची, आपल्या कॉम्प्युटरला लावायची आणि सगळा माल जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. मेहनत दादाची आणि मलई दुसऱ्याची. दादाने डोकं लढवलं. लग्नातले डीजेवाले गाण्यात आपलं नाव घालतात, तसं आपणही घालायचं. त्याचा स्वतःचा आवाज चिरका. मी जयंतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायची, त्यामुळे माइकची भीती नव्हती. "सुशे, तू बोल," तो म्हणाला. "एकच वाक्य बोलाचं हाय. आन् जराशी मजेत बोल, बातम्या नको सांगू."

लोडशेडिंगमधून लाइट सुटली तेवढ्या वेळात दुकानातच रेकॉर्डिंग उरकलं. दादाने बाबांना मशीन थांबवायला सांगितलं. "गिऱ्हाईक उभं हाय," म्हणून बाबांनी थांबवलं नाही. त्यामुळे माझ्या वाक्याच्या मागे मशीनची खडखड आहे, ज्याला माहीत आहे त्यालाच ती कळते. ते वाक्य दादाने प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला टाकलंच, पण कोणी सुरुवात कापून टाकील म्हणून मधल्या कडव्याच्या आधी पुन्हा टाकलं. गाणाऱ्या बाईचा गळा नुकता दाटून आलेला असायचा, आणि मी मध्येच ओरडायची, "थांबा जरा, गाणं येऊन राह्यलं!" कहर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना म्हणून त्याने माझ्या आवाजाआधीची मूळ गाणी उडवून टाकली. म्हणजे परतीची वाटच बंद. इतका शहाणपणा आमच्या दादालाच सुचावा.

आठवडाभर आम्हाला फार भारी वाटलं. समोरच्या दुकानदाराने चोरलेल्या गाण्यांतही आमच्याच दुकानाचा पत्ता वाजायला लागला, आणि दादा काउंटरवर बसून नुसता हसत होता. पण आवाज काही पत्त्याजवळ थांबत नसतो. एका चिपमधून दुसऱ्या चिपमध्ये, ब्लूटूथने एका मोबाईलमधून दुसऱ्यात, मी सगळ्या तालुक्यात फिरायला लागले. जीपमध्ये मी, ट्रॅक्टरवर मी, जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की त्या रांगेतही मीच. मी कॉलेजला जायला स्टँडवर आले की मागून कोणीतरी म्हणायचंच, "थांबा जरा!" मी थांबले नाही की दुसरा म्हणायचा, "अबे, येऊन राह्यलं नाही, जाऊन राह्यलं!" सुरुवातीला मीही उलटून बोलायची. एकाला तर चप्पल दाखवली. पण रोज रोज कोण दाखवणार? मी ओढणी डोक्यावरून घ्यायला लागले, रस्ता बदलायला लागले. दादाला म्हटलं, काढून टाक ते. त्याचं तोंड उतरलं. आपल्या कॉम्प्युटरमधून त्याने काढलंही असतं, पण शंभर जणांच्या खिशातून कसं काढणार?

बाबा यावर कधीच काही बोलले नाहीत. दुकानात बसून ते सगळं ऐकत असत. रस्त्यावरून माझा आवाज वाजवत गाडी गेली की त्यांचं मशीन थांबायचं, गाडी पुढे गेली की सुरू व्हायचं. मी ते बघायची आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग केळापूरकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं चांगली. मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आले, आणि मुलाच्या मामांनी सहज विचारलं, "शिक्षण कुठवर झालं?" मी दोनच वाक्यं बोलले. मामांनी ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अरे! हे तर गाडीतली बाई हाय!" त्यांच्या भाड्याच्या जीपमध्ये येताना सगळ्या वाटभर मीच वाजत आले होते. सगळे हसले. वाईट हेतूने नाही हसले, मला मान्य आहे. मुलानेही हसून बघितलं. पण निरोप आला तो नाहीचा. पोरीचा आवाज गावोगावी झाला आहे, असं मध्यस्थाने सांगितलं. आवाज गावोगावी होणं म्हणजे काय, हे त्या माणसाला तरी माहीत होतं का?

त्यानंतर चार-पाच दिवसांनी बाबा जेवता जेवता म्हणाले, "तुह्या मावशीची सुनीता पुण्याले हाय. जाय तिच्याकडं. काही दिवस." ताटावरून नजर वर केली नाही. दादा काहीतरी बोलायला गेला, त्यांनी हाताने थांबवलं. हे काही दिवस किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी रागाने जी उठले ती बॅग भरायलाच.

पुण्यात कोणी ओळखत नाही याचा पहिले सहा महिने मला इतका आनंद होता की मी रस्त्याने मोठ्याने बोलत चालायची. सुनीताच्या खोलीत आम्ही चौघी. आधी चाकणला पॅकिंगचं काम केलं, पुढे एका दवाखान्यात फोनवर अपॉइंटमेंट द्यायची नोकरी लागली. तिथे मला मले-तुले सोडायला शिकवलं. शिकले. सकाळी साडी-बिडी नेसून "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" म्हणायची आणि संध्याकाळी खोलीवर आले की "काहून वं सुनीते, भाजीत मीठच नाही!" एकदा सरांनी विचारलं, तुमचा आवाज छान आहे, फोन होल्डवर असताना वाजायला एक वाक्य रेकॉर्ड करून द्याल का, 'कृपया थोडा वेळ थांबा'. मी घसा बसल्याचं सांगितलं. चांगला पंधरा दिवस बसवून ठेवला.

माझ्या पायाला भिंगरी लागली ती तेव्हापासून. खोली घेतली की दुसरी बघायची. बोरीला सणाला जायची, दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी तिकीट काढायची. पुण्यात आल्यावर पुन्हा बोरीची ओढ लागायची, आणि बोरीत पाय ठेवला की छातीवर काहीतरी बसायचं. बाबांचं-माझं बोलणं चालू होतं. जेवली का, नोकरी कशी हाय, पाऊस हाय का तिकडं. अबोला असता तर मी भांडून मोडला असता. बोलणं चालू असलं की भांडायला जागा सापडत नाही. दरवेळी बसमध्ये बसताना ठरवायची, पुढच्या खेपेला विचारीन. आणि दरवेळी पाऊस आहे का, तेच सांगून परत यायची.

नितीनशी लग्न झालं आणि आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली. नितीन साताऱ्याकडचा, शांत माणूस, गाडी चालवायचा त्याला कंटाळा. मला मात्र स्टेअरिंग हातात आलं आणि पहिल्यांदा वाटलं की माझ्या अस्वस्थपणाला काहीतरी काम मिळालं. गाडीत पेन ड्राइव्ह लावायची सोय असलेला टेप होता, बटण दाबलं की निळा उजेड पडायचा. मी दादाला फोन केला, मला गाणी पाठव. त्याने पुण्याला येणाऱ्या एकाच्या हाती पेन ड्राइव्ह दिला. त्याच्याकडचा सगळा खजिना त्यात होता. 'जयंती स्पेशल', 'लग्न', 'दर्द', 'दर्द जुने', 'दर्द नवीन'. आणि अर्थातच प्रत्येक गाण्याच्या आधी मी होते. माझ्याविना गाणी त्याच्याकडे उरलीच कुठे होती?

"ही कोण बाई सारखी थांबा थांबा करते?" नितीनने पहिल्या दिवशी विचारलं. "आमच्याकडची आहे," मी म्हटलं. पुढे एकदा मी स्वयंपाकघरातून त्याला "थांब जरा!" म्हणून ओरडले आणि त्याने सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून त्याला माहीत आहे. तो चिडवत नाही, एवढं त्याचं मोठेपण. पण मला सवयच लागली. गाणं संपत आलं की डावा हात आपोआप टेपच्या बटणावर जायचा. आवाज कमी करायचा, माझं वाक्य खाली जाऊ द्यायचं, गाणं सुरू झालं की पुन्हा वाढवायचा. मधल्या कडव्याच्या आधी तेच. त्या सगळ्या गाण्यांत माझी जागा कुठे येते ते मला पाठ झालं होतं. नवी गाणी घ्यावीत, हा पेन ड्राइव्ह फेकून द्यावा, असं किती वेळा मनात आलं. फेकला नाही. का, ते विचारू नका.

एकदा चाकणहून येताना सिग्नलला एक ट्रक शेजारी उभा राहिला. एमएच एकोणतीस. आपल्या यवतमाळचा नंबर दिसला की परगावात माणूस कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मी काच खाली केली, आणि वरून माझाच आवाज आला. माझ्या गाडीतला टेप बंद होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, खांद्यावर गमछा, स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरून बसलेला. "विलास मोबाईल, बोरी अरब" मी म्हणाले तेव्हा त्याचेही ओठ हलले. टवाळीने नाही. रोज सकाळी देवाचं म्हणतात तसं, सवयीने. सिग्नल सुटला आणि मी माझं वळण सोडून त्या ट्रकच्या मागे लागले. गाठून काय सांगणार होते? की काका, ती मी आहे? मैल-दीड मैल गेल्यावर मला माझीच शरम वाटली आणि मी गाडी वळवली. पण घरी आले तेव्हा मी रडले, हेही सांगून टाकते. एका परक्या माणसाला माझ्या आवाजाची लाज वाटत नव्हती आणि माझ्या बापाला वाटत होती. त्या दिवशी तरी मला तसंच वाटलं.

मागच्या हिवाळ्यात दादाचा फोन आला, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, मोतीबिंदू पिकला आहे. आता दादाच्या दुकानात चिप कोणी भरत नाही. जो तो मोबाईलवरच लावतो. दादा रिचार्ज करतो, ऑनलाइन अर्ज भरून देतो. बाबांचं मशीन आहे तिथेच आहे, पण डोळ्यांमुळे दोरा ओवता येत नाही. "तू गाडी घेऊन येशीन का?" दादाने विचारलं. "त्याइले बसचे धक्के नको." नितीनला सुट्टी नव्हती. मी एकटीच निघाले. शेवटचा टप्पा आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसायला लागला, तेव्हा मी ठरवलं की या खेपेला पावसाचं बोलायचं नाही.

यवतमाळला ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सोडलं. डोळ्यावर पट्टी आणि वर काळा चष्मा लावलेले बाबा माझ्या शेजारच्या सीटवर बसले, गुडघे जुळवून, दोन्ही हात मांडीवर, परक्याच्या घरी बसावं तसे. मी गाडी चालवते हे त्यांनी ऐकलं होतं, बघितलं कधीच नव्हतं, आणि आता बघायची वेळ आली तर डोळा बांधलेला. सीटबेल्ट मी लावून दिला. शहर मागे पडलं. मी टेप लावला. हात सवयीने बटणावर गेला. माझं वाक्य खाली गेलं, गाणं वर आलं. दुसरं गाणं, तसंच. तिसऱ्याला बाबा म्हणाले, "सुशे, टेप बिघडला का तुहा?"

"नाही तं. काहून?"

"गाण्याच्या आधी तू बोलत असते ना. थे येऊन नाही राह्यलं."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागचा मोटारसायकलवाला हॉर्न मारत निघून गेला. मी म्हटलं, "मीच कमी करतो बाबा." दोन दिवसांत माझी बोली पार बोरीची झाली होती, 'करते'चं 'करतो' झालं होतं. "तुमाले आवडत नाही म्हणून."

"मले?" त्यांनी मान माझ्याकडे वळवली. काळ्या चष्म्यात मला माझंच तोंड दिसलं. "मले आवडत नाही हे कोनं सांगतलं तुले?"

मग मी गाडी एका बाभळीखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि विचारलं. इतकी वर्षं जे वाक्य घोकलं होतं ते ऐन वेळी काही आलं नाही. आलं ते असं, "मंग त्या दिवशी बस सुटाच्या आधी कुठी गेलते तुम्ही?"

पलीकडच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"रफीकची जीप तुह्या बसच्या आधी सुटली," ते म्हणाले. "मी तिच्यात होतो. रफीकले सांगाले गेलतो का बंद कर बाबा, पोरगी जाऊन राह्यली, तिले ऐकू येते. त्यानं बंद केलं. मंग मले वाटलं, आता घरी जाऊन काय करू? बसलो तिच्यातच. गाव सुटल्यावर म्हटलं, रफीक, लाव आता."

दारव्ह्यापर्यंत ते गेले आणि त्याच जीपने परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. मग त्यांना चटकच लागली. दुकान बंद असलं की ते स्टँडवर जाऊन उभे राहायचे. दुसऱ्या गाड्या सोडून द्यायचे आणि रफीकभाईच्याच जीपमध्ये बसायचे, पुढे, टेपजवळ. रफीकभाई विचारायचे, चाचा, दारव्हे में इतना क्या काम है? बाबा सांगायचे, मशीनची सुई आणाची हाय. खोटं बोलायचं नाही म्हणून खरंच एक पाकीट घेऊन यायचे. नदीच्या पुलावर कोणतं गाणं लागतं आणि चढावर कोणतं, हे त्यांनी मला ओळीने सांगितलं. माझी जागा त्यांनाही पाठ होती. रफीकभाईने जीप विकेपर्यंत हे चालू होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आधी संताप आला. मी तिकडे रात्र-रात्र उशीत तोंड खुपसून होते आणि हा माणूस इकडे माझा आवाज ऐकत दारव्ह्याच्या चकरा मारत होता! "मंग मले पाठवलं काहून?" मी जवळजवळ ओरडलेच. "ठेवून घ्याचं होतं ना मले! मी काय कॅसेट होतो का?"

बाबांनी चष्मा काढायला हात वर नेला, डॉक्टरांचं आठवून खाली घेतला.

"पोट्टे तुले चिडवत. माह्या दुकानासमोरून चिडवत. मले उठून त्याइच्या कानाखाली देता आली नाही. माहेच गिऱ्हाईक होते ते, त्याइचे बाप माहे गिऱ्हाईक. कामं तं तसेही नव्हते. मशीन थांबवत होतो फक्त. उठत नव्हतो. तुह्या आवाजाची लाज नाही वाटली मले, बाई. माही वाटली. आन् तुले पाठवणं सोपं होतं."

मी त्यांचा हात धरला. बोटं सुईने टोचून टोचून कडक झालेली. क्षमा वगैरे आमच्याकडे कोणी मागत नाही आणि कोणी करत नाही. मी एवढंच म्हटलं, "पानी प्याचं का?" त्यांनी मान हलवली. माझा राग सगळा गेला असं नाही. थोडा अजून आहे, राहील. पण मी ज्याच्यावर इतकी वर्षं रागावले होते तो माणूस वेगळाच निघाला. हा दुबळा होता. आणि मला एकाएकी तो फार आवडला.

मी गाडी सुरू केली. पहिल्या गाण्यापासून लावलं आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. मी ओरडले, "थांबा जरा, गाणं येऊन राह्यलं!" वीस वर्षांची, बेधडक, कोणाला न भिणारी. बाबा मांडीवर ठेका धरून बसले. मधल्या कडव्याच्या जरा आधी त्यांनी बोट वर केलं, मी बरोबर आले, आणि ते हसले.

घर म्हणजे काय, असं कोणी विचारलं की आपण गेलेली माणसं गावाचं नाव सांगतो, राहिलेली माणसं भिंती दाखवतात. मला दोन्ही जमलं नाही. बोरीत मला पुणं आठवतं आणि पुण्यात बोरी, आणि माझे पाय थाऱ्यावर यायचे नाहीत हे मी आता धरूनच चालते. पण त्या दिवशी मला एक कळलं. ही भिंगरी मी पुण्याहून आणलेली नाही. ती माझ्या बापाची आहे. मी गेले आणि राहिलेला माणूसही काही एका जागी राहिला नव्हता.

बोरी आलं. स्टँडवर विलासदादा आमची वाट बघत उभा होता, त्याने हात वर केला. मी गाडी हळू केली.

"पुढं घे," बाबा म्हणाले.

"कुठी?"

"दारव्ह्याले."

"दारव्ह्याले आता काय काम हाय बाबा?"

ते समोर बघत होते. काळ्या चष्म्यातून रस्ता दिसत होता की नव्हता कोणास ठाऊक.

"सुई आणाची हाय," ते म्हणाले.